कंट्रोल बॉक्समधला नवरा

टक्.

लष्करी ट्रकच्या वर्कशॉपमध्ये जमलेल्या सगळ्यांनी एकदम हात जोडले.

"आला!" उस्ताद डोळे मिटून म्हणाला. वर्कशॉपचा हा मुख्य इलेक्ट्रिशियन महिनाभरात महाराज झाला होता. "एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मेलेल्याला बडबड परवडत नाही. विचारा वहिनी."

वहिनी ट्रकच्या पायरीवर बसली होती. याच ट्रकने तिच्या ड्रायव्हर नवऱ्याला भिंतीशी चिरडलं होतं. चावी त्याच्याच खिशात होती. सोबतच्या ड्रायव्हरने बॅटरीचा मुख्य स्विच लावला आणि गिअरमधला ट्रक पुढे उसळला. चावीवाचून ट्रक चालला, म्हणजे त्यात काहीतरी शिरलंय, असं लोकांनी ठरवून टाकलं. चौकशीपर्यंत ट्रक तसाच ठेवायचा हुकूम होता. तिथेच, डॅशबोर्डखालच्या कंट्रोल बॉक्समधून, नवरा टक् टक् बोलू लागला. लेकीचा ताप कधी उतरेल, हेही वहिनी त्यालाच विचारी.

आज उस्तादने कागद पुढे केला : 'अपघात माझ्या नवऱ्याच्या चुकीने झाला.' सही झाली की चौकशी मिटणार होती.

"कबुलीशिवाय सुटका नाही हो त्याची."

"अहो," वहिनीने बॉक्सकडे वाकून विचारलं, "चूक तुमची होती?"

टक्.

तिने पेन उचललं.

"थांबा." नुकतीच बदलून आलेली इलेक्ट्रिशियन बाई गर्दीतून पुढे आली. तिने बॅटरीची तार काढली. "आता विचारा."

वहिनीने विचारलं. बॉक्स गप्प.

"आत्मा कोपला!" उस्ताद ओरडला.

"चोवीस व्होल्टवर जगणारा आत्मा पहिल्यांदाच पाहिला. पाय उचला, उस्ताद."

"माझ्या पायाला हात लावतेस?"

"सगळे लावतातच की."

पायाखालच्या चटईत घंटीचं बटण निघालं. बाईने बॅटरी जोडली आणि बटण वहिनीच्या हातात दिलं. वहिनीने दाबलं. टक्.

"बॉक्समध्ये सोलेनॉइड बसवलाय, मुख्य स्विच सोडून थेट बॅटरीवर. गुंडाळीत वीज गेली की लोखंडी दांडा ओढला जातो, त्याचा आवाज."

वहिनीने बटण पुन्हा दाबलं. सलग दोनदा.

"वहिनी, आता बोलताय त्या तुम्हीच," बाई म्हणाली.

"मग ट्रक उसळला कशाने?" वहिनीने विचारलं.

बाईने बॉक्सचं झाकण उघडलं. "चावी सोडली की स्टार्टरची गुंडाळी उलटा झटका मारते. तो पचवायला हा डायोड असतो. याची पट्टी पॉझिटिव्हकडे हवी, ही उलटी आहे. बसवल्याबरोबर जळाला. मग दरवेळी ठिणग्या रिलेवर, म्हणजे स्टार्टरला वीज देणाऱ्या स्विचवर, पडत राहिल्या आणि शेवटी त्याचे संपर्क चिकटले. चिकटल्यावर चावी कुठे का असेना, स्विच लावला की स्टार्टर फिरणार."

झाकणाच्या आत दुरुस्तीची चिठ्ठी होती. तक्रार नवऱ्याच्या अक्षरात : 'चावी बंद केली तरी स्टार्टर थांबत नाही.' खाली शेरा : 'डायोड नवा. तपासले, ठीक.' सही उस्तादची.

"वहिनी, उस्तादांनी आधार तरी दिला ना तुम्हाला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

वहिनीने कागदावरचं 'माझ्या नवऱ्याच्या' खोडलं, त्यावर 'डायोड उलटा बसवणाऱ्याच्या' लिहिलं आणि सही केली. मग ती गर्दीकडे वळली.

"गाडी बंद पडली तर आधी बॅटरी बघता, मग फ्यूज, मग वायर. कधी हात जोडून उभे राहता का? हे गेले तेव्हा कुणालाच वायर बघावीशी वाटली नाही? आता तरी बघत जा. हात जोडायच्या आधी."