शेवटच्या ओळीचा गर्व

मित्रांनो, आष्ट्याच्या बाजारपेठेत डोळ्यांचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथे रुग्णाच्या खुर्चीपासून बरोबर वीस फुटांवर भिंतीला टांगलेला जुना अक्षरांचा तक्ता म्हणजे मी. माझ्या माथ्यावर एकच भलंमोठं अक्षर आहे. खाली उतरावं तशी अक्षरं संख्येने वाढत जातात आणि बारीक होत जातात. पाठीशी पत्र्याची पेटी आहे, तिच्यातला दिवा लागला की मी उजळतो. आता माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि एक कोपरा झुरळांनी कुरतडला आहे. त्याचं मला फारसं वाटत नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका छापखान्याचा. छापणारे गृहस्थ मोठे काटेकोर होते. एखादं अक्षर केसभर मोठं उमटलं तरी ते तक्ता बाजूला टाकत. डॉक्टर राजनंदिनीताईंनी दवाखाना उघडला तेव्हा त्या स्वतः मला घ्यायला आल्या आणि एसटीत छातीशी धरून मला इथे घेऊन आल्या. कऱ्हाडपर्यंत उभ्या राहूनच आल्या होत्या, तरी मला त्यांनी कुणाचा धक्का लागू दिला नाही.

आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. भरती जवळ आली की माझ्यापुढे रांग लागे. धडधाकट डोळ्यांना वीस फुटांवरून, म्हणजे सहा मीटरवरून, माझी शेवटची ओळ वाचता येते. त्यालाच 'सहा बाय सहा' म्हणतात. पोराने शेवटची ओळ घडाघडा वाचली की बापाची छाती फुगे. चहाच्या टपरीवर सांगणं होई, "आमच्या पोराचं डोळं सहा बाय सहा हायती!" खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगत असे. शेजारच्या टेबलावर नवी यंत्रं आली, तेव्हा मी त्यांना नाकं मुरडली. एक यंत्र डोळ्यावर वाऱ्याची फुंकर मारून आतला दाब मोजतं. दुसऱ्यापुढे हनुवटी टेकवून बसलं की डॉक्टर भिंगातून डोळा आतपर्यंत न्याहाळतात. मला वाटे, आयत्या बिळावर नागोबा! डोळे तपासायला मी एकटा पुरेसा आहे.

सुभेदार आकाराम फौजेतून निवृत्त झाले आणि साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागले. त्या नोकरीसाठी नजर चांगली असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागे. त्यासाठी ते गाडीवरून यायचे, खुर्चीत ताठ बसायचे, एका डोळ्यावर तळहात ठेवायचे आणि हुकूम सोडल्यासारखी माझी शेवटची ओळ वाचायचे.

"प, ट, न, ग, र, स, म! सहा बाय सहा! लिवा म्याडम."

मला तो माणूस फार आवडायचा. माझ्याकडे इतक्या ऐटीत पाहणारा दुसरा कुणी नव्हता.

डॉक्टर दरवर्षी म्हणायच्या, "सुभेदार, वाचण्यावर सगळं कळत नाही. तुमच्या वडिलांची नजर म्हातारपणी गेली होती ना? दाब मोजू, थेंब घालून आतली नस बघू. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, मग उजेड टाकून बघते. दुखत नाही काही."

"थेंब घातल्यावर दिवसभर भुरकट दिसतंय म्हणं. मी तर फटफटीवर आलोय."

"मग तुमच्या पत्नीला, साळूबाईंना, नाहीतर कुणाला तरी बरोबर घेऊन या."

"फुडल्या येळेला बघू. आवं, शेवटची वळ वाचली की न्हाई? मग झालं की!"

आणि ते उठायचे. दाखला खिशात, पाय दारात. अशी सहा वर्षं गेली. मित्रांनो, त्या सहाही वर्षी मी मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. माझ्यापुढे पास झालेल्या माणसाला आणखी काय तपासायचं, असंच मला वाटे.

सातव्या वर्षी ते आले ते कपाळाला पट्टी बांधून, साळूबाईंचा हात धरून. बाजूने आलेली उसाची ट्रॉली त्यांना दिसलीच नव्हती. साळूबाई डॉक्टरांना सांगत होत्या, "लय दिस झालं बघा. ताटाशेजारचा तांब्या लवंडत्यात. उंबऱ्याला ठेचकाळत्यात. बाजूला हुबं ऱ्हायलं तर म्हंत्यात, तू कवा आलीस? काय म्हणलं की तुमचा कागूद दावत्यात, डोळं सहा बाय सहा हायती म्हणून."

त्या दिवशीही सुभेदारांनी माझी शेवटची ओळ वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. मग प्रथमच त्यांच्या डोळ्यांत थेंब पडले. अर्धा तास ते डोळे मिटून बसले. ज्या यंत्रांना मी नाकं मुरडली होती, त्यांनी जे दाखवलं ते मला कधीच दिसलं नसतं. डॉक्टर बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या आणि मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

तो काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने जाऊ लागते आणि मधली तेवढी शेवटपर्यंत उरते. आणि मित्रांनो, माझी ओळ वाचायला मधली नजर पुरते! कडेचं सारं जग विझत चाललं होतं, तरी सुभेदार माझ्यापुढे दरवर्षी पास होत होते. मी त्यांना खोटी ग्वाही देत आलो होतो.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उरलेली राखायचा प्रयत्न करू. मी आधीच हट्ट धरायला हवा होता."

सुभेदार म्हणाले, "तुमी सांगत हुतासा. मीच उटून जात हुतो."

औषधाचे थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली. पण फार उशीर झाला होता. वर्षागणिक ते माझी एकेक ओळ वर चढत गेले. शेवटी माझ्या माथ्यावरचं मोठं अक्षरही त्यांना दिसेना. त्या दिवशी मला भिंतीवरून खाली पडून फुटावंसं वाटलं.

यंदा गावच्या यात्रेला त्यांचा मुलगा जयराज रजेवर आला होता. तोही फौजेतच आहे. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. आईवडीलही बरोबर आले. जयराज खुर्चीत ताठ बसला, एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि शेवटची ओळ घडाघडा वाचली. तोच आवाज, तीच ऐट.

"एकदम फिट!" म्हणत तो उठला. "थेंब फुडल्या सुट्टीला घालू म्याडम. सांजच्याला कुस्त्या हायत्या, गाडी मलाच चालवायची हाय."

डॉक्टर काही बोलणार होत्या. वाचणं संपलं म्हणून त्यांनी सवयीने बटण दाबलं आणि माझा दिवा विझवला. पेटी काळी झाली. वीस फुटांवरून माझ्यावरचं एकही अक्षर आता कुणाला दिसलं नसतं.

बाकावरून सुभेदार चाचपडत उठले. "म्याडम, मलाबी एकडाव बसू द्या."

साळूबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एका डोळ्यावर तळहात ठेवला, मान ताठ केली आणि माझ्या दिशेने पाहत ते म्हणाले, "प, ट, न, ग, र, स, म."

साळूबाईंचा चेहरा फुलला. पाठमोऱ्या उभ्या असल्यामुळे त्यांना मी दिसत नव्हतो. "आवं, दिसतंय की तुमास्नी! जयराज, ऐकलंस का रं? समदं वाचलं त्यांनी!"

जयराजने वळून माझ्याकडे पाहिलं. विझलेल्या पेटीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. वडिलांनी ओळ पाठ म्हटली होती, हे त्याच्या ध्यानात आलं.

"म्याडम," तो म्हणाला, "थेंब घाला. मी बसतो."

त्याच्या डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. नस मात्र अजून शाबूत होती. औषधाचा थेंब त्याला आता रोज, जन्मभर घालावा लागेल, पण त्याची नजर राहील असं डॉक्टर म्हणाल्या. सुभेदारांनी ते ऐकलं आणि तोंडाला उपरणं लावून ते रडले. एवढा ताठ माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता.

मित्रांनो, माझी शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळे चांगले, असं समजू नका. घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या. सोबतीला कुणीतरी आणा, हाताशी अर्धा दिवस ठेवा, थेंब घालून घ्या. आणि मला वाचून झालं की लगेच उठू नका.