मुळ्याच्या ट्रेमधला श्वास

तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती आणि एकजणही खोकत नव्हता. इमारतीच्या सभेत पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडणारी हीच मंडळी आज हात जोडून गप्प होती. समोरच्या मांडणीवर कोवळ्या भाजीचे ट्रे होते. महाराजांनी मुळ्याच्या ट्रेवरचं झाकण दोन बोटांनी उचललं.

कोंबांच्या बुडाशी पांढरी, मऊ लव. काचेवर कुणी हळूच श्वास सोडावा तशी.

"आली! लेकीचा श्वास आहे हा, माउली."

महाराजांनी मंतरलेलं पाणी शिंपडलं. लव पाहता पाहता नाहीशी झाली. खोलीभर उसासा उमटला.

आई बाजूच्या खोलीच्या दाराची चौकट धरून उभी होती. तिची मुलगी वारल्याला दोन महिने झाले होते. बी भिजवणं, ट्रे अंधारात झाकणं, चौथ्या दिवशी उघडणं, सगळं मुलगीच करायची. आईकडे फक्त कापणी आणि विकायच्या डब्या भरणं. लेकीचं काम थांबू नये म्हणून तिने पहिल्यांदा झाकण काढलं, तेव्हा ही लव दिसली आणि तिने महाराजांना बोलावलं.

"बापासाठी घुटमळतेय ती," महाराजांनी परवाच सांगितलं होतं. "पण सुई टोचलेल्या देहाजवळ येणार कशी? सुई बंद. रोज मूठभर हा पाला. साखर काय, साखरेचं अख्खं खानदान पळेल!"

तिच्या मागे, त्या बाजूच्या खोलीत, मुलीचे वडील अण्णा दोन दिवस इन्सुलिनवाचून पडले होते. सारखं पाणी मागत होते, आणि प्यायलेलं ओकत होते.

तेवढ्यात आईची नणंद आली. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. भावाला पाहताच तिने टॅक्सी बोलावली.

"वहिनी, बाजूला व्हा. दादाला दवाखान्यात न्यायचंय."

"नको हो वन्सं. तिथे सुई टोचतील. मग ती परत येणार नाही."

नणंद सरळ मांडणीकडे गेली आणि दुसऱ्या ट्रेचं झाकण काढलं. तशीच लव. खालच्या मजल्यावरचा शिंपी इस्त्री सोडून आला होता, हातात पाण्याची फवाऱ्याची बाटली तशीच.

"द्या ती इकडे."

फस् फस्. लव गेली.

"कुठला मंत्र म्हटला मी?"

"घरच पवित्र झालंय," महाराज घाईने म्हणाले.

"पाणी तर माझ्या दुकानातलं आहे," शिंपी म्हणाला. "याने पँटच्या घड्या जातात, भुतं जातात हे माहीत नव्हतं."

कुणीतरी फिसकन हसलं. नणंदेने एक कोरडा कोंब उपटून आईच्या तळहातावर ठेवला.

"चष्मा लावून बघा. मुळालाच फुटलेले बारीक केस आहेत. पाणी लागलं की मुळाला चिकटतात, सुकलं की पुन्हा उभे राहतात. तुमच्या मुलीने हे रोज पाहिलं असेल. सांगण्यासारखं वाटलं नसेल, इतकंच."

आईने पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"मग ती... कुठेय?"

"ती नाही, वहिनी." नणंदेने तिचा हात धरला. "दादा आहे. अजून आहे."

आई चौकटीतून बाजूला झाली.

दुःखातल्या माणसाला पुरावा मागण्याचं भान नसतं. ते काम हात जोडून उभ्या असलेल्या बाकीच्यांचं. चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याला त्यांच्यातल्या एकाने जरी परवा "का?" विचारलं असतं, तरी दोन दिवस वाचले असते.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. शिंप्याने अण्णांना पाठीवर घेतलं.