साबण लावलेला गज

मित्रांनो, नमस्कार-चमत्कार नंतर करू. आधी एक सांगून टाकतो: मी रागावलेलो आहे. तुमच्यावर नाही. पण ऐकायला तुम्हीच बसलेले आहात, तेव्हा थोडी झळ तुम्हालाही लागेल. ती सोसून घ्या.

मी चेलोचा गज. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो खांद्यावर मावत नाही, म्हणून वाजवणारा खुर्चीवर बसतो आणि त्याला गुडघ्यांमध्ये धरतो. लोक त्याच्याकडे बघून 'वा, काय वाद्य आहे!' म्हणतात आणि माझ्याकडे बोट दाखवून 'ती काठी' म्हणतात. काठी! माझ्यावाचून तो थोरला भाऊ नुसता तारा लावलेलं कपाट आहे, असं मी कित्येक वर्षं छाती काढून सांगत आलो. ते पुरतं खरं नव्हतं. पण त्याबद्दल पुढे सांगेन.

मला घडवणारा कारागीर दिवसभरात चार वाक्यंसुद्धा बोलत नसे. त्याने माझं लाकूड महिनाभर तासलं, मग बारीक आचेवर शेकत शेकत त्याला बाक दिला. खाली काळ्या लाकडाची मूठ बसवली. वरपासून खालपर्यंत घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस ताणून बांधले, दीडशेच्या वर. एवढं सगळं झाल्यावर त्याने मला तारेवर ओढलं, आणि काय झालं? काहीच नाही. सूर नाही, साधी कुरकुरसुद्धा नाही. मी घाबरलो. कारागीर मात्र गालात हसला आणि त्याने खिशातून मधाच्या रंगाचा एक खडा काढला. ती होती राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. राळ केसांवर घासली की केस तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. त्या धरसोडीतून सूर निघतो. केस गुळगुळीत झाले की गज मुका. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

माझे पहिले मालक एका नाटकगृहात वाजवत. त्यांनी मला वीस वर्षं वापरलं आणि बोटं आखडायला लागली तेव्हा भाचीच्या हातात दिलं. 'हा तुझ्यापेक्षा हट्टी आहे, जपून,' एवढंच मामा म्हणाले. ती भाची म्हणजे आमच्या बाई. सगळे त्यांना बाईच म्हणतात, शेजारीपाजारीसुद्धा. दुसऱ्या मजल्यावर त्यांची पुढची खोली, त्यात तीन स्टुलं, खिडकीशी नोटेशनचा स्टँड आणि भिंतीवर एक कायम पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. तिथे एकतीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं, आणि त्यांच्या हातात मी होतो.

त्या मुलांमध्ये एक होती भिंगरी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. आठ वर्षांची पोर, स्टुलावर बसली की गरागरा फिरायची. वाजवतानाही तिला दम म्हणून निघत नसे. मग बाईंनी तिच्यासाठी चार ओळींची एक छोटी चाल बांधली. तिसऱ्या ओळीत एक लांब स्वर होता. तो किती लांब, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी वर पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: थांब. 'किती थांबू?' असं भिंगरीने विचारलं, तर बाई म्हणाल्या, 'समोरचा श्वास घेईपर्यंत.' दोघी समोरासमोर बसायच्या, तो स्वर धरायच्या आणि कोण आधी श्वास घेतं ते बघून हसायच्या. मित्रांनो, तो स्वर ओढायला मला जे सुख व्हायचं, ते मी तुम्हाला सांगूच शकत नाही.

पुढे मुलं कमी झाली. बाईंचा खांदा दुखायला लागला. मी दोन वर्षं पेटीत पडून होतो. केसांना कसर लागली, मूठ घट्ट बसली. तेव्हाही मी कुरकुरलो नाही. म्हातारपण सगळ्यांना येतं, त्यात कुणाचा दोष नसतो.

आणि एके दुपारी भिंगरी आली. सत्तावीस वर्षांची, हातात लग्नाची पत्रिका. बसली त्याच स्टुलावर, पण फिरली नाही. तिच्या वडिलांना गेल्या वर्षी झटका आला होता. डावा पाय ओढत, काठी टेकत ते चालायचे. पण सभागृहाच्या दारापासून मंचापर्यंत मुलीला हात धरून आपणच न्यायचं, चाकाच्या खुर्चीत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी ते रोज घरातल्या बोळात चालायचा सराव करत होते.

"चाळीस पावलं आहेत, बाई," भिंगरी म्हणाली. "कधी दोन मिनिटं लागतात, कधी पाच. मध्येच दम लागला तर ते उभे राहतात. रेकॉर्ड लावली तर ती बाबांसाठी थांबणार नाही. तुम्ही थांबाल. आपली चाल वाजवा, आणि त्यांच्या पावलांकडे बघत वाजवा. मला बाकी काही नको."

"अगं, हे काय सांगायला हवं?" बाई म्हणाल्या.

हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

बाईंनी मला दुरुस्तीवाल्याकडून नवे केस बसवून आणले. ओळखीचे दोन व्हायोलिनवाले जोडीला घेतले, एक थोरला, एक तरुण. पंधरा दिवस तालीम केली. समारंभाचं काम बघणाऱ्या मॅनेजरने मध्ये एकदा फोन करून सांगितलं, की नमुना म्हणून चालीचं रेकॉर्डिंग पाठवा. तेही पाठवलं. मी त्या दिवशी काय सुंदर वाजलो होतो! आपल्याच गळ्याला आपण फास वळतोय, हे मला कुठलं कळायला.

लग्नाच्या दिवशी आम्ही तासभर आधी पोचलो. मॅनेजर कानात यंत्र खुपसून इकडून तिकडे धावत होता. बाईंना बघून तो फार गोड हसला. असं हसणाऱ्या माणसाचा मी तेव्हापासून धसका घेतला आहे.

"मॅडम, एक छोटासा बदल आहे. पडद्यावर मुलीच्या लहानपणाचा व्हिडिओ चालणार, दिवेही त्याच्या वेळेवर बसवलेत. त्यामुळे आवाज आपण तुमच्या रेकॉर्डिंगचाच सोडतोय. तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करायचं."

"पण मुलीने लाइव्ह सांगितलंय."

"लाइव्हच आहे की! तुम्ही जिवंत बसलेल्या दिसणार ना सगळ्यांना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, हे माहीत आहे मला. तरी गेली.

"आणि तिच्या वडिलांचं चालणं?" बाईंनी विचारलं.

"काल चालून बघितलंय, मॅडम. दोन मिनिटं दहा सेकंद. अगदी बरोबर बसतंय."

कुणी चालून बघितलं, हे बाईंनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. मागाहून कळलं की मॅनेजर स्वतःच दारापासून मंचापर्यंत चालत गेला होता, त्याच्या दोन धडधाकट पायांनी.

आता खरी गंमत ऐका. खोटं वाजवतानाही गज तारेवरून फिरवावा लागतो, नाहीतर लोकांना दिसतं. आणि फिरवला की आवाज येतो, तो रेकॉर्डिंगमध्ये मिसळतो आणि सगळं कानाला बेसूर लागतं. यावर या धंद्यात एक जुना उपाय आहे. थोरल्या व्हायोलिनवाल्याने पेटीतून एक वेगळा गज काढला.

"असल्या कामासाठी मी हा निराळाच ठेवतो," तो म्हणाला. "याच्या केसांना साबण लावलाय. कितीही घासा, ब्र काढत नाही. तुमच्याकडे दुसरा आहे ना, बाई?"

बाईंकडे दुसरा नव्हता. बाईंकडे मी होतो.

त्या मला घेऊन हात धुवायच्या खोलीत गेल्या. तिथे गुलाबी रंगाची, उग्र वासाची वडी होती. आरशात न बघता त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आज पोरीचा दिवस आहे. वाद नको. आणि रेकॉर्डिंग माझंच तर आहे, त्यात फसवणूक कसली?" आणि त्यांनी ती वडी माझ्या नव्या केसांवर घासली, वर-खाली, वर-खाली, ज्या हाताने एवढी वर्षं राळ लावली त्याच हाताने. मॅनेजरचा मला राग आला होता. पण तो परका माणूस, त्याला काय कळतंय? बाईंना सगळं कळत होतं. म्हणून त्यांचा राग जास्त आला.

दार उघडलं. दोन्हीकडच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. भिंगरी आणि तिचे बाबा दारात आले. कर्ण्यांतून माझाच सूर सुरू झाला, आणि मी मुक्याने तारेवरून घसरत राहिलो. पहिली ओळ झाली तेव्हा बाबा सहा पावलं आले होते. दुसरी झाली तेव्हा अकरा. तिसऱ्या ओळीतला तो लांब स्वर आला, बाबा दम घ्यायला थांबले, आणि रेकॉर्डिंग पुढे निघून गेलं. व्हिडिओत बसावा म्हणून त्या स्वराला मॅनेजरने कात्री लावली होती.

बाबांना वाटलं, आपणच मागे पडलो. ते घाईला आले. काठी गुळगुळीत फरशीवरून सटकली, ते एका बाजूला कलले, भिंगरीने दोन्ही हातांनी त्यांना धरलं. आणि तशीच मान वर करून ती ओरडली,

"बाई, थांबा ना! बाबा येतायत!"

थांबणार कोण? वाजवतच कोण होतं? बाईंनी माझ्यावर जोर दिला. मी तारेवर जीव खाऊन दाबला गेलो, पण साबण तो साबणच. भिंगरीची नजर तारेवर गेली. चेलोची जाड तार वाजताना थरथरते, हे तिला आठव्या वर्षापासून माहीत होतं. तार स्तब्ध होती. तिला सगळं समजलं. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

कर्ण्यांतली चाल संपली आणि कुठलंतरी धांगडधिंग्याचं गाणं सुरू झालं. बाबा अजून अर्ध्यातही आले नव्हते.

"बंद कर ते!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मॅनेजरच्या हातातली कागदांची पाटी खाली पडली. "आत्ताच्या आत्ता बंद कर!"

गाणं तोडलं गेलं. बाईंनी मला फरशीवर ठेवलं आणि उघड्या बोटाने तार छेडली. एक स्वर. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. एक पाऊल टाकलं. बाईंनी दुसरा छेडला. थोरल्या व्हायोलिनवाल्यानेही आपला साबणवाला गज बाजूला टाकून बोट लावलं. तरुणाने आधी मॅनेजरकडे बघितलं आणि मग तोही आला. बाईंची नजर त्या ओढत्या डाव्या पायावरून हलली नाही. लांब स्वराच्या जागी बाबा पुन्हा थांबले. बोटाने छेडलेला स्वर धरता येत नाही, तो लगेच विझतो. म्हणून बाई तोच स्वर पुन्हा पुन्हा छेडत राहिल्या, बाबांचा श्वास परत येईपर्यंत. बाबा पोचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीच्या पायाशी, साबणाचा वास मारत पडलो होतो. तो स्वर लांबवायला माझ्यासारखा कुणी नव्हता, आणि तेवढ्यासाठीच तर मला बोलावलं होतं.

नंतर भिंगरी आली.

"एकच गोष्ट मागितली होती मी, बाई."

"हो."

"बाबा पडले असते."

"हो गं."

"जाऊ दे, पोचलो ना मी," बाबा खुर्चीवरून म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका, बाबा," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्याने केस बोटांत धरले, नाकाशी नेले आणि तो भडकला. "नवे केस होते हे! आता राळ धरायचे नाहीत. कापून टाकावे लागतील. कुठल्या गाढवाने केलं हे?"

बाईंना मॅनेजरचं नाव सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"मी," बाई म्हणाल्या.

त्याने कात्री घेतली आणि तो कामाला लागला.

मित्रांनो, गज पेटीत ठेवताना केस सैल करावेत, लाकूड कोरड्या फडक्याने पुसावं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. वाजवणाऱ्याला बोलावलंत, तर त्याला वाजवू द्या. शोभेला ठेवायला कुंड्या पुष्कळ मिळतात. आणि उद्या तुम्ही स्वतः वाजवायला बसलात, आणि कुणी गोड हसून म्हणालं, 'नुसतं वाजवल्यासारखं करा', तर आधी दाराकडे बघा, तिथून कोण चालत येणार आहे. मग काय ते उत्तर द्या. 'आज वाद नको' असं तुमच्याही मनात येईल. तेव्हाच वाद घाला.

मॅनेजरने आता जाहिरात लावली आहे. तिच्यात मी बाईंच्या हातात उंच धरलेला दिसतो, खाली मोठ्या अक्षरांत 'लाइव्ह संगीत' लिहिलेलं. मला नवे केस बसले आहेत, राळही लागते. भिंगरी अजून आलेली नाही. बाई रोज संध्याकाळी वाजवता वाजवता मध्येच थांबतात आणि जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेतात. त्यांची मला दया येते. तरीही सांगतो, मी भिंगरीच्या बाजूने आहे.