अंबीलअप्पांचा अंगारा

येळवसेला, म्हणजे शेतात जाऊन पूजा करायच्या अमावास्येला, दोन दिवस उरले होते, आणि भालकीजवळच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये अंबीलअप्पा बसले होते. दोघांनी दंड धरून आणलेला एक गडी त्यांच्यासमोर शिव्या देत होता. अप्पांनी रांजणातली ज्वारीची आंबट अंबील पेल्यात ओतली, वर चिमूटभर अंगारा टाकला आणि ती त्याला पाजली. तासाभरात गडी मान टाकून चटईवर पडला.

"ह्याच रांजणातली अंबील तुमीबी पिलात," अप्पा गर्दीला म्हणाले. "तुमाला कामून काही झालं न्हाई? ज्याच्या आत बाहेरचं हाय, त्यालाच लागतंय."

गर्दीने हात जोडले. हळ्ळीखेडच्या सुशीलाबाईंनी एकच हात कपाळाला लावला, कारण दुसऱ्या हातात विजयश्रीचं मनगट होतं. वीस वर्षांच्या या लेकीला तीन वर्षांपासून आवाज ऐकू येत. घरी होती तेव्हा ती दोनदा पहाटे निघून गेली होती. तेव्हापासून सुशीलाबाई पदराची गाठ तिच्या मनगटाला मारून झोपत, म्हणजे झोपतच नसत. शेवटी बीदरच्या निवासी केंद्रात तिला ठेवलं. तिथे ती सुधारत होती, पण "पोटची पोर वेड्यांत टाकली" हे नणंदेचं बोलणं सुशीलाबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. सणासाठी चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा निघताना नर्स निलम्मा दोनदा बजावून म्हणाली होती, "अक्का, एकबी गोळी चुकवू नका."

"गोळ्या बंद करा," अप्पा म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत." ते म्यान म्हणजे आपली लेकच आहे, हे सुशीलाबाईंना त्या घडीला सुचलं नाही. विजयश्री पेला पिऊन शांत झोपली. केंद्राला आठ महिने लागले ते अप्पांनी तासात केलं, असं वाटून आई रडली. घरी द्यायला तीन पुड्या मिळाल्या. गोळ्या विहिरीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पुडीवर पोर दिवसभर झोपली. येळवसेला सगळे शेतात गेले. पूजा झाली, जेवणं झाली. विजयश्रीचे वडील गुंडेराव शेजारच्या शेतातल्या पंगतीला गेले. सुशीलाबाईंनी दुसरी पुडी अंबिलीत कालवली. विजयश्रीने अर्धा पेला पिऊन तोंड फिरवलं. प्रसाद टाकायचा नसतो. उरलेला अर्धा, तळाला बसलेल्या अंगाऱ्यासकट, आईने पिऊन टाकला आणि सवयीने पदराची गाठ मारली.

थोड्या वेळाने त्यांची जीभ जड झाली. मग पाय गेले. आपल्याला काहीतरी होतंय, हाक मारायला हवी, एवढं कळत होतं. पण तोंड उघडेना.

जाग आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. गाठ सुटलेली होती.

त्या धावल्या नाहीत, धडपडत गेल्या. दोनदा पडल्या. शेतातल्या विहिरीकडे बघायचीच भीती वाटत होती आणि पाय तिकडेच चालले होते. विजयश्री काठावर बसली होती, पाय आत सोडून.

"आई, खाली ये म्हणायलेत," ती साध्या आवाजात म्हणाली.

"मी येईस्तोवर थांब बाई," सुशीलाबाई म्हणाल्या. हाक मोठी मारली तर ती दचकेल, म्हणून पुढचं बोलणं त्यांनी गिळलं. सरपटत जाऊन मागून कंबर धरली ती गुंडेराव येईपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी जीप करून तिघं बीदरला पोचले. निलम्माने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. एकच विचारलं, "अक्का, लेकीच्या अंगात बाहेरचं होतं म्हणून अंगारा लागला. मग तुमच्या अंगात काय होतं?"

सुशीलाबाईंनी उरलेली पुडी काढून तिच्या हातात दिली. तिसरी पुडी डॉक्टरांनी तपासायला पाठवली. उत्तर आलं: राख, आणि झोपेच्या गोळ्यांची भुकटी. रांजण स्वच्छच होता. गर्दीला नुसती अंबील मिळे, अंगारा फक्त आजाऱ्याच्या पेल्यात पडे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडे, म्हणून कुणाला दिसत नसे. गुंगी उतरली की आजार होता तिथेच असे. गोळ्या तुटल्यामुळे उलट तो बळावलेला असे.

पुढच्या अमावास्येला सुशीलाबाई त्याच माळावर गेल्या. अप्पांनी कुणाच्यातरी लेकासाठी भरलेला पेला त्यांनी मध्येच धरला.

"अप्पा, हा तुमी घ्या."

"आमाला लागत न्हाई ते."

"मग घ्यायला काय जातंय? मी घेतलेला हाय. माझी लेक विहिरीवर बसली तवा मी निजलेली होते."

अप्पांनी पेल्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि पूजेची वेळ झाली म्हणून आत निघून गेले. त्या मुलाच्या आईने लेकाचा हात धरला आणि विचारलं, "अक्का, बीदरची गाडी कुठं थांबतीया?"

भूत निजवता येतं ते पेल्यातल्या गोळीने, मंत्राने नव्हे. निजलेलं माणूस बरं झालेलं नसतं. तेव्हा कुणी अंगारा दिला, तर देणाऱ्याला आधी प्यायला सांगावं. आणि डॉक्टरांची गोळी विहिरीत टाकण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

रविवारी सुशीलाबाई केंद्रात भेटायला गेल्या. विजयश्रीने विचारलं, "मला घरी कामून नेत न्हाईस?"

"नेणार हाय," त्या म्हणाल्या. लेकीच्या मनगटावरून त्यांनी हात फिरवला. "पण मला झोप लागती बाई. हितं कुणी ना कुणी जागं असतंय."