देठातली ताकद

सुनेला जेवायची रीत नाही, हे सासूबाईंनी शेजारणीला, जावयाला, एवढंच काय, दारात आलेल्या दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. "ताट घेते आणि ओट्याकडे तोंड करून उभ्यानं गिळते. बघणाऱ्याला वाटावं, या घरात बायकांना उपाशी मारतात!"

आणि आज निरोप आला, सून कामावर मशीनवरच भोवळ येऊन पडली. सासूबाई पायात चपला अडकवून तणतणत निघाल्या. माणसं काय म्हणतील, हीच काळजी मोठी.

शिवणकामाची ती खोली लांबलचक, पायाखाली चिंध्यांचा खच. सून भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक. कारखान्याच्या नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे हिचं. पालेभाजी, डाळ, अंडं रोज पोटात जायला हवं. वर लिंबू पिळा, म्हणजे अंगी लागेल."

सासूबाईंचा पारा चढला. "हे तुम्ही मला शिकवता? माझ्या घरी रोज भाजीची जुडी येते. पोराला अंडं, नातवाला अंडं, डाळीशिवाय चूल विझत नाही. हिच्याच अंगी लागत नसेल, तर मी काय हिच्या नरड्यात जाऊन बसू?"

"आणि देठाला काय हो, आजी?" मागून एकजण म्हणाली. बायकांत खसखस पिकली.

"देठ? हा कोण आणखी?"

"तुमची सूनच की! आम्ही हिला देठच म्हणतो. कधीही डबा उघडा, भाकरी आणि देठ. परवा मी माझं अंडं पुढं केलं, तर म्हणते कशी, 'नको गं, खरी ताकद देठातच असते. आमच्या आई सांगतात.'"

सून कासावीस झाली. "पुरे ना गं," ती पुटपुटली.

ते वाक्य सासूबाईंचंच होतं. लग्न होऊन ती नवी नवी आली, तेव्हा सगळी पानं पोराच्या ताटात पडली आणि हिच्यापुढं परतलेले देठ सरकवताना त्यांनी ते ठोकून दिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं ऐकलं नव्हतं. वेळ मारून नेली होती, झालं. डाळीचंही तेच. तळाची घट्ट पळी पोराला, वरचं पाणी हिला. आणि ही बया ती थाप खरी धरून चारचौघींत सासूचा मोठेपणा सांगत बसली होती. कान असे तापले, की त्यांनी डोक्यावरचा पदर उगाचच पुढं ओढला.

मघाच्या बाईनं आपल्या डब्यातलं सोललेलं अंडं सुनेच्या हातात ठेवलं. सुनेनं ते तोंडाकडे नेलं नाही. तिनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. विचारल्यासारखं.

ती नजर त्यांना सोसवेना. मशिनी थांबल्या होत्या, सगळ्या बायका बघत होत्या. आवाज हळू करायची सवय सासूबाईंना नव्हतीच.

"मूर्ख आहेस तू! सासू थापा मारते आणि तू त्या गावभर वाटतेस. देठात काय असतं, मला काय ठाऊक? तुझ्या वाटचं काढून मी माझ्या पोराला घातलं, एवढं पक्कं ठाऊक आहे. ऐकलं ना गं सगळ्यांनी? खा आता. आणि खाताना माझ्याकडे बघू नकोस."