कोंड्याचा पास्ता

आदोलोराताने नणंदेचं दार ठोठावलं नाही, सरळ ढकललं. स्वयंपाकघरात तिचा नवरा वितो टेबलाशी बसला होता. समोर पांढऱ्या पास्त्याची रास, वर टोमॅटोचा दाट रस्सा. तोंडाशी नेलेला काटा तसाच थांबला.

"चौकात पत्ते खेळायला गेला होतास ना?"

वितोने घास गिळला.

गेल्या हिवाळ्यात साखरेपायी त्याच्या डाव्या पायाचं बोट कापावं लागलं होतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, पांढरा पास्ता रक्तात झरझर साखर चढवतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा हळूहळू पचतो, पोटाला आधार राहतो. तोही बेतानेच खायचा. तेव्हापासून घरात तपकिरी पास्ताच शिजत होता. नवऱ्याला एकटं वाटू नये म्हणून तीही तोच खात होती. वितो रोज ताटाकडे बघून "आजही कोंडा?" म्हणायचा, चार घास चिवडून उठायचा आणि बायको उपाशी मारते म्हणून गावभर सांगत फिरायचा. आज बेकरीवाली सहज बोलून गेली, "वितो हल्ली रोज बहिणीकडेच जेवतो वाटतं?"

"ताई, तुम्हाला सगळं माहीत होतं ना?"

नुन्झियाता गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "होतं."

"आणि तरी?"

"तो दारात आला की नाही म्हणवत नाही गं. लहानपणी पांढरं पीठ मालकाच्या घरी जायचं, काळं आमच्या वाट्याला. हा रडायचा. मी म्हणायची, मोठा झालास की तुला पांढरं करून घालीन."

"घातलंत ना? आता अख्खा पाय कापतील तेव्हा उशाशीही तुम्हीच बसा!"

"तिच्यावर ओरडू नकोस, आदोलोराता," वितो म्हणाला. "आयुष्य माझं आहे."

"तुझं? उद्या डोळे गेले की तुला मोरीत कोण नेणार? तुझं आयुष्य म्हणे! त्यातली धुणी कोण धुतंय?"

तिने खुर्ची खरकन ओढली, त्याच्या हातातला काटा हिसकावला, ताट आपल्याकडे घेतलं आणि खायला लागली. निम्मं संपवायचं, म्हणजे त्याच्या पोटात तेवढं कमी जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. पण तो मऊ, गुळगुळीत पास्ता जिभेवर आला आणि हात थांबेना. ती रागारागाने खात होती. गाल भरलेले, डोळ्यांतून पाणी. बहीणभाऊ बघत राहिले.

"सावकाश," वितो पुटपुटला. "ठसका लागेल."

"तुला काय वाटलं, गाढवा? मला कोंडा आवडतो?"

ताट रिकामं झालं. आदोलोराताने ते नणंदेपुढे धरलं.

"अजून आहे?"

नुन्झियाताने पळी हातात घेतली आणि भावाकडे पाहिलं.

"तिला वाढ, ताई," टेबलाला धरून उठत वितो म्हणाला. "मी घरी जाऊन जेवतो."