माझ्या पोटातल्या मायलेकी

मित्रांनो, मी एक जुना टेप रेकॉर्डर आहे. माझा एक कोपरा फुटला आहे आणि लाल बटण दाबायला आता जोर लागतो. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, एका दवाखान्याच्या कपाटात मी राहतो. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. त्यातले काही आठवत नाही. आठवतो तो डॉक्टर इन्साफबाईंनी मला पिशवीतून इथे आणले तो दिवस. त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते: रोग्याला त्याचे मोठे दुखणे सांगावे की लपवावे? आमच्याकडे त्या दुखण्याचे नावसुद्धा कोणी घेत नाही. घरची माणसे डॉक्टरांना दारातच गाठतात आणि 'पित्ताचे खडे आहेत म्हणा' असे बजावतात. यात बरे काय, वाईट काय, यावर शिकलेली मंडळी खुर्चीत बसून वाद घालायची.

"अहो, ज्यांच्यावर बेतलंय त्यांना कोणी विचारलंय का?" इन्साफबाई म्हणाल्या.

"म्हणजे बरं-वाईट आता मतं मोजून ठरवायचं?" त्यांचे सहकारी डॉक्टर शेदली हसले. "उद्या तापही मतदानानं उतरवशील!"

"ठरवत नाही हो. आधी ऐकते तरी!"

बाई रोग्याला वेगळे बसवत आणि घरच्यांना वेगळे. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानावर कधीच जाणार नाही, असा शब्द देत आणि मग माझे बटण दाबत.

एकदा मुफीदा आली. तिच्या आईला, लल्ला मब्रूकाला, तेच दुखणे होते.

"उम्मीला कळलं तर ती त्याच दिवशी हाय खाईल," ती रडत म्हणाली. "जेर्बा बेटावरच्या बहिणीला भेटायचं म्हणते. आत्ता घाईनं नेलं तर ओळखेल ना ती! उन्हाळ्यात नेईन म्हटलंय."

"आणि हे दुखणं तुम्हाला झालं असतं तर?"

मुफीदाने डोळे पुसले. "मला मात्र सांगा हं," ती हळूच म्हणाली.

मग लल्ला मब्रूका आली. "असं दुखणं कोणाला झालं, तर त्याला सांगावं का?" असे बाईंनी विचारताच ती खुदकन हसली.

"आडून कशाला विचारतेस पोरी? पित्ताच्या खड्यांनी कोणाचे केस गळतात का? मला सगळं कळतं. पण मुफीदाला बोलू नकोस. मला सांभाळतेय, या समाधानावर बिचारी उभी आहे. उन्हाळा मला दिसायचा नाही. खदूजला, माझ्या बहिणीला, एकदा बघायचं होतं, पण आत्ताच ने म्हटलं तर पोर ओळखेल."

माझी चाके फिरत राहिली. मला ओरडावेसे वाटले, पण आम्हाला स्वतःचा आवाज नसतो.

उन्हाळ्यातले जर्दाळू पिकायच्या आधीच लल्ला मब्रूका गेली.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मुफीदा मकरूदचा, खजुराच्या मिठाईचा, डबा घेऊन आली. "उम्मीला शेवटपर्यंत कळलं नाही हो," ती समाधानाने म्हणाली. "खदूजखालाची भेट तेवढी राहिली. पण घाई केली असती तर तिला संशय आला असता, नाही का?"

इन्साफबाईंचा हात माझ्यावर होता. अंगठा बटणापाशी गेला आणि मागे आला. शब्द दिलेला होता.

"तुम्ही तिला खूप जपलंत," त्या म्हणाल्या. मकरूद तसेच राहिले.

पुढे राजधानीतल्या सभेत बाईंचे संशोधन गाजले. बहुतेक रोग्यांना खरे हवे असते, हे त्यांनी दाखवले. टाळ्या पडल्या तेव्हा मीही टेबलावर होतो. मग खिशात मावणारी नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. ते एक वेळ सोसवते. सोसवत नाही ते हे, की मायलेकींचे खरे बाईंखेरीज मला एकट्यालाच ठाऊक आहे.

मित्रांनो, मला कोणी विचारले नाही तरी चालेल. पण आपल्या माणसाला सांगायचे ते आपल्या माणसालाच सांगा, आणि वेळेवर सांगा. त्या दोघी अजून माझ्या पोटात आहेत, एकाच कॅसेटवर, आणि एकमेकींशी एक अवाक्षरही बोललेल्या नाहीत.